जुनापाणी ते जावा: आदिमानव, प्राणी आणि प्रतीकं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

थंडी पडली की रविवारी सकाळी मी दहा-पंधरा जणांना घेऊन नागपूरहून काटोल रोडने जुनापाणीची शिलावर्तुळं दाखवायला जातो. घरी परतून चहा होत नाही तोच फोनवर प्रश्न सुरू होतात. गंमत म्हणजे ते शिलावर्तुळांबद्दल कमीच असतात. पहिलं प्रतीक कोणी केलं, निअँडर्थल या नामशेष मानवजातीला कला होती का, वानरांना कळतं का, असंच जास्त. तीच ती उत्तरं टाइप करून कंटाळलो, म्हणून सगळं एका जागी आणलं. प्रश्न जमेल तितके विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत.

१. सर, प्रतीकात्मक वर्तन म्हणजे नेमकं काय? साध्या भाषेत सांगा.

तान्ह्या पोळ्याला पोरं चाकांवरचा लाकडी बैल सजवून दारोदार नेतात. हा बैल नांगर ओढत नाही की कडबा खात नाही. तरी त्याच्या शिंगांना बेगड लागते, गळ्यात माळ पडते, शेजारची आजी त्याला ओवाळते आणि पोराच्या हातावर बोजारा (खाऊ किंवा पैसे) ठेवते. त्या दिवसापुरतं गल्लीतल्या सगळ्यांनी मानलेलं असतं, की हे लाकूड म्हणजे बैल.

यात तीन गोष्टी आहेत: वस्तू, तिच्यामागचा अर्थ आणि तो अर्थ मान्य असलेली माणसं. पहिली जमिनीत सापडते. दुसरी सापडत नाही. तिसरीचा माग काढता येतो, पण मोठ्या कष्टाने. पुढच्या बहुतेक उत्तरांमधलं भांडण या तिसरीवरूनच आहे.

२. मग खूण, चित्र आणि प्रतीक हे सगळं एकच ना?

नाही. चार्ल्स सँडर्स पर्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने केलेली वाटणी इथे कामी येते. पेंचच्या धुळीत वाघाच्या पंजाचा ठसा दिसला, तर ती खूण. वाघ तिथून गेला म्हणूनच ती उमटली. रिसॉर्टच्या फाटकावर रंगवलेला वाघ ही प्रतिमा, कारण ती वाघासारखी दिसते. ‘वाघ’ हा शब्द मात्र प्रतीक. त्या आवाजात वाघासारखं काहीच नाही, तेलुगू माणूस त्याच जनावराला ‘पुली’ म्हणतो आणि त्याचं काही अडत नाही.

प्रत्यक्षात या तिन्हींची सरमिसळ होते. लाकडी बैल थोडा प्रतिमा आहे, थोडा प्रतीक.

३. लाखो वर्षांपूर्वीच्या माणसाच्या मनात काय होतं हे तुम्हाला कसं कळतं? अंदाजच ना?

मनातलं कळत नाही, हे खरं. पण ‘इथे काहीतरी ठरलेलं होतं’ एवढं कधी कधी कळतं. त्यासाठी मी चार गोष्टी पाहतो. ही कृती पुन्हा पुन्हा केलेली आहे का? कच्चा माल जवळ मिळत असताना मुद्दाम लांबून आणलाय का? वस्तू वापरून झिजली आहे का? आणि पोटापाण्याच्या कामाने तिचा उलगडा होतो का?

चौथा प्रश्न सगळ्यात फसवा. आपल्या रस्त्याकडेच्या झाडांच्या बुंध्यांना खाली गेरू आणि वर चुना फासलेला असतो. दहा हजार वर्षांनी कुणाला हे पट्टे सापडले, तर तो त्यावर ‘वृक्षपूजेचा विधी’ असा प्रबंध लिहील. खरं कारण वाळवी. उलट चूकही तितकीच सोपी आहे. मंगळसूत्रातले मणी कुणी ‘दोऱ्याला वजन’ म्हणून नोंदवले तर?

४. आजवर सापडलेलं सगळ्यात जुनं प्रतीक कोणतं?

तुम्ही किती कडक आहात, त्यावर ठरेल. कडक असाल तर मण्यांपासून सुरुवात करा. मोरोक्कोतल्या बिझमून गुहेत भोक असलेले शंख मिळाले. ते १,४२,००० ते १,५०,००० वर्षांपूर्वीचे असल्याचं २०२१ मध्ये जाहीर झालं. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची ब्लॉम्बॉस गुहा त्याहून अलीकडची, साधारण ७५,००० वर्षांपूर्वीची. पण पुराव्याच्या भरगच्चपणात तिच्याशी बरोबरी करणं अवघड.

तिथले मणी जवळून पाहण्यासारखे आहेत. एकाच जातीच्या गोगलगायीचे शंख, वाटाण्याएवढे. ही गोगलगाय खाडीत राहते आणि खाडी गुहेपासून जवळपास २० किलोमीटर. इतक्या चिमुकल्या जिवात खाण्याजोगं मांस ते किती? प्रत्येकाला साधारण एकाच जागी भोक, भोकाच्या कडेला दोरा घासून आलेली झीज, काहींना आतून लाल मातीचा रंग. कुणीतरी ते बराच काळ अंगावर घातले होते. मणी आरशात पाहायला नसतो, समोरच्याने पाहावा म्हणून असतो. ‘ही आमच्यातली’, ‘याचं लग्न झालंय’, ‘हा मोठ्या घरचा’ यांपैकी काहीही. म्हणून माझं मत दगडावरच्या रेघांपेक्षा मण्यांच्या बाजूने.

ब्लॉम्बॉसमध्येच सुमारे ७३,००० वर्षांपूर्वीचा एक दगडाचा तुकडा मिळाला. त्यावर गेरूच्या टोकदार खड्याने ओढलेल्या नऊ रेघा आहेत. ओळखू येणारं चित्र हवं असेल तर इंडोनेशियात सुलावेसीला जा. तिथल्या एका गुहेतलं रानडुकराचं चित्र निदान ५१,२०० वर्षं जुनं आहे, असं २०२४ मध्ये जाहीर झालं. ‘सगळ्यात जुनं’ हा मान दर चार-पाच वर्षांनी हलतो, तेव्हा परीक्षेत लिहिणार असाल तर साल बघून लिहा.

५. ब्लॉम्बॉसच्या त्या जाळीदार रेघांचा अर्थ काय?

कुणालाच सांगता येणार नाही. जो सांगेल त्याच्यापासून चार हात लांब राहा. पण २०२० मध्ये एक छान अभ्यास झाला. ब्लॉम्बॉस आणि दक्षिण आफ्रिकेतल्याच डिपक्लूफ इथल्या कोरीव नक्ष्या आजच्या लोकांना दाखवल्या. कुठली चटकन नजरेत भरते, कुठली आठवून पुन्हा काढता येते आणि कुठली दुसरीपासून वेगळी ओळखू येते, ते मोजलं. हजारो वर्षांच्या ओघात नक्ष्या जास्त ठसठशीत आणि आठवणीत राहणाऱ्या झाल्या होत्या. पण प्रत्येक नक्षीला स्वतःचा वेगळा अर्थ असावा, असं मात्र दिसलं नाही.

ठिपक्यांची रांगोळी आठवा. प्रत्येक रेघेला अर्थ नसतो. तरी काढणारीच्या हातावरून वाड्यातल्या बाया सांगतात की ही कुणाकडची.

६. गुहेत गेरू सापडला म्हणजे अंग रंगवत होते, असं धरायचं का?

लगेच धरू नका. गेरूचे उपयोग पुष्कळ. डिंकात मिसळला की पात्याला दांडा घट्ट चिकटतो. कातडी कमावताना चालतो, अंगाला फासला तर ऊनही अडवतो. निअँडर्थल काळी मँगनीजची भुकटी वापरत. रंगासाठी, असं आधी सगळे मानत. पण २०१६ च्या प्रयोगांत ही भुकटी लाकडावर टाकली, तर जाळ लवकर धरतो असं दिसलं. म्हणजे रंग की काडेपेटी? कदाचित दोन्ही. आपली हळद फोडणीतही पडते आणि नवरीच्या अंगालाही लागते.

प्राण्यांतही एक रंगारी आहे. हिमालयातलं दाढीवालं गिधाड लोहयुक्त लाल मातीत लोळून पांढरी पिसं तांबडी करून घेतं. हे ते मुद्दाम करतं. पण यात कुणी कुणाशी काही ठरवलेलं नाही, पिंजऱ्यात एकट्याने वाढलेलं पिल्लूही ते करतं.

७. होमो इरेक्टसने शंखावर नक्षी काढली होती म्हणे. खरं का?

शंखावर नाही, शिंपल्यावर. आणि ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे.

डच डॉक्टर युजीन दुबुआ याने १८९१ च्या सुमारास जावातल्या ट्रिनिल इथे खोदकाम केलं आणि तिथे त्याला होमो इरेक्टसची (आपल्या खूप आधीच्या मानवजातीची) हाडं मिळाली. त्यांच्याबरोबर गोड्या पाण्यातले शिंपलेही आले आणि नेदरलँड्समधल्या लायडनच्या संग्रहालयात खोक्यांत पडून राहिले. शंभरहून जास्त वर्षं कुणी काही पाहिलं नाही. २००७ मध्ये एक संशोधक त्यांचे फोटो काढत होता. तिरप्या उजेडात काढलेल्या एका फोटोत एका शिंपल्यावर नागमोडी कोन दिसले, सुबक इंग्रजी ‘एम’सारखे. शिंपल्यातल्या गाळावरून वय निघालं ४,३०,००० ते ५,४०,००० वर्षं. २०१४ मध्ये ते छापून आलं.

रेघा बहुधा शार्कच्या दाताने ओढल्या. कोन जिथे वळतो तिथे हत्यार उचललेलं नाही, हात स्थिर होता. ताजा शिंपला गडद तपकिरी असतो, तेव्हा त्या दिवशी रेघा पांढऱ्याशुभ्र उठल्या असणार.

आता प्रतीक होतं का? माझं उत्तर: काही म्हणू नये. शिंपला एकच आहे. ज्याने कोरलं त्याने मुद्दाम कोरलं, एवढं म्हणता येतं. दुसऱ्या कुणाला ती नक्षी ‘वाचता’ येत होती का, ते एका तुकड्यावरून सांगता येत नाही. उद्या अशाच आणखी दहा-पाच नक्ष्या मिळाल्या तर मी शब्द मागे घेईन.

८. तीस लाख वर्षांपूर्वीच्या ‘चेहऱ्याच्या दगडा’बद्दल यूट्यूबवर पाहिलं. तो काहून मोजत नाही तुम्ही?

तो मकापन्सगटचा दगड. १९२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सापडला. लालसर, पाण्याने गुळगुळीत झालेला, दोन डोळे आणि तोंड असल्यासारखा. जिथे ऑस्ट्रॅलोपिथेकसची (माणसाच्या अतिप्राचीन पूर्वजगटाची) हाडं होती त्या गुहेत हा दगड मुळात नसतो, कुणीतरी काही किलोमीटरवरून उचलून आणला असावा. पण चेहरा निसर्गानेच घडवलाय.

आपल्याकडे दगडाला शेंदूर फासला की देव होतो. शेंदूर नसेल तर तो नुसताच दगड. मकापन्सगटच्या दगडाला कुणी शेंदूर फासलेला नाही. तो उचलणाऱ्याला काहीतरी ओळखीचं दिसलं असेल, आणि तेवढंही थोडं नाही. पण पाहणं वेगळं, इतरांना पाहायला लावणं वेगळं.

९. निअँडर्थल प्रतीकं वापरत होते की नाही? एकदाचं हो की नाही सांगा.

हो. कमीत कमी काही ठिकाणी, काही काळ.

क्रोएशियातल्या क्रापिना इथे पांढऱ्या शेपटीच्या समुद्रगरुडाच्या आठ नख्या मिळाल्या. सुमारे १,३०,००० वर्षं जुन्या, हत्याराने कापल्याच्या खुणा असलेल्या, एकमेकींवर घासून गुळगुळीत झालेल्या. त्या काळी तिथे आपल्या जातीचा (होमो सेपियन्सचा) माणूस असल्याचा पुरावा नाही, त्यामुळे ‘आपलं बघून शिकले’ म्हणायची सोय नाही.

फ्रान्समधली ब्रुनिकेल गुहा याहून विलक्षण. तोंडापासून ३३६ मीटर आत, गडद अंधारात, खालून वाढणारे चुनखडीचे खांब तोडून, त्यांचे सुमारे ४०० तुकडे रचून मोठी वर्तुळं केलेली आहेत. जागोजागी विस्तवाच्या खुणा. वय १,७६,५०० वर्षं. एवढ्या आत उजेड घेऊन जायचं, दोन टनांहून जास्त दगड हलवायचे, हे एकट्याचं काम नव्हे. कशासाठी केलं? माहीत नाही, पण तिथे राहण्यासाठी तर नक्कीच नाही. जुनापाणीच्या वर्तुळात उभं राहून मी लोकांना ब्रुनिकेलबद्दल सांगतो, तेव्हा एरवी मोबाइलमध्ये असलेली कॉलेजची पोरंही मान वर करतात.

जर्मनीत ५१,००० वर्षांपूर्वीचं, कोनाकृती रेघा कोरलेलं हरणाचं हाड मिळालं. फ्रान्समधल्या ला रोश-कोतार गुहेत भिंतीवर बोटांनी ओढलेले पट्टे आहेत आणि ती गुहा ५७,००० वर्षांपूर्वीच गाळाने बंद झाली होती. स्पेनमधल्या तीन गुहांतलं रंगकाम ६४,००० वर्षांपेक्षा जुनं असल्याचा दावा २०१८ मध्ये झाला. त्यावर मात्र अजून वाद आहे, कारण वय रंगाचं नव्हे, रंगावर साचलेल्या चुन्याच्या पापुद्र्याचं काढलंय.

एक तक्रार इथेच नोंदवतो. तीच नखी आपल्या जातीच्या थरात सापडली की लोक तिला ‘दागिना’ म्हणतात आणि निअँडर्थलच्या थरात सापडली की ‘पुरावा अपुरा’. माप एकच ठेवा. कडक ठेवायचं तर दोघांनाही कडक ठेवा.

१०. निअँडर्थल मेलेल्यांना फुलं वाहत होते, ते शाळेत वाचलं होतं.

ते इराकच्या कुर्दिस्तानातल्या शनिदार गुहेतलं. १९६० मध्ये सापडलेल्या एका सांगाड्याभोवती फुलांच्या परागकणांचे पुंजके मिळाले आणि ‘फुलांचं दफन’ जगभर गाजलं. पुढे शंका आल्या. तिथे बीळ करणारे उंदीर फुलं ओढून नेतात. जमिनीत घर करणाऱ्या एकट्या मधमाशाही परागाचे असेच गोळे साठवतात. आज फुलांची गोष्ट डळमळीत आहे. मृतांना मुद्दाम पुरत होते याचे मात्र इतर पुरावे आहेत. पाठ्यपुस्तकं इतक्या लवकर बदलत नाहीत, त्याला इलाज नाही.

११. होमो नालेदीचं काय? तो तर लहान मेंदूचा होता.

दक्षिण आफ्रिकेतल्या रायझिंग स्टार गुहेत सापडलेली ही नामशेष मानवजात. वय २,३६,००० ते ३,३५,००० वर्षं, मेंदू संत्र्याएवढा. त्यांनी मृतांना पुरलं आणि भिंतीवर खुणा कोरल्या, असं २०२३ मध्ये मांडलं गेलं. ते तपासणाऱ्या तज्ज्ञांनी पुरावा पुरेसा नाही, असं उघडपणे लिहिलं. खुणांचं वय तर स्वतंत्रपणे काढलेलंच नव्हतं. तूर्त थांबा.

१२. ‘नर्मदा मानव’ नागपूरवाल्यांनीच शोधला ना? त्याच्याजवळ काही सापडलं का?

५ डिसेंबर १९८२ रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना होशंगाबादजवळ हथनोरा इथे नर्मदेच्या काठी कवटीचा वरचा भाग मिळाला. या खात्याच्या मध्य विभागाचं कार्यालय नागपुरात सेमिनरी हिल्सला आहे, म्हणून आपल्याला तो घरचा वाटतो. त्या थरात दगडी हत्यारं मिळतात. प्रतीक म्हणता येईल असं काही त्या कवटीशी जोडता आलेलं नाही. ती कुठल्या जातीची, यावरच अजून एकमत नाही.

१३. महाराष्ट्रात जुनं असं काय आहे?

जळगाव जिल्ह्यातलं, चाळीसगाव तालुक्यातलं पाटणे. तिथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा एक तुकडा मिळाला, त्यावर आडव्या पट्ट्यांत बारीक जाळी कोरलेली आहे. वय सुमारे २५,००० वर्षं. त्याच कवचाचे मणीही मिळाले. शहामृग ऐकून लोक हसतात, पण तो तेव्हा इथे होता. कवचातल्या डीएनएवरूनही ते सिद्ध झालंय.

कोकणातली कातळशिल्पं भव्य आहेत, त्यांचं वय मात्र पक्कं ठरायचंय. शेजारच्या मध्य प्रदेशात भीमबेटका, १९५७ मध्ये वि. श्री. वाकणकरांनी उजेडात आणलेलं. तिथले आणि मंदसौर जिल्ह्यातल्या दरकी चट्टान इथले खडकात कोरलेले खळगे लाखो वर्षं जुने असल्याचं काही अभ्यासक मानतात. वय थेट मोजण्याची सोय नसल्याने ते सगळ्यांना पटलेलं नाही.

१४. जुनापाणीच्या दगडांवरचे खळगे पण तितकेच जुने आहेत का?

अजिबात नाही. जुनापाणीची वर्तुळं लोहयुगातली, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची आणि शंभर टक्के आपल्यासारख्याच माणसांनी केलेली. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकातच हे खळगे नोंदवले. ते बहुतेक सरळ रांगांमध्ये आहेत. त्याच काळातल्या, नागपूरजवळच्याच माहूरझरीला मृताबरोबर पुरलेले घोडे सापडले, डोक्यावर तांब्याचे अलंकार घातलेले. त्या लोकांकडे प्रतीकं होती का, असा प्रश्नच उरत नाही.

तरीही मी या विषयाची सुरुवात तिथूनच करतो, आणि त्याला कारण आहे. लोक आपलेच, काळ जवळचा, जमीन आपल्या पायाखालची. तरी त्या खळग्यांचा अर्थ आपण सांगू शकत नाही. मग पाच लाख वर्षांपूर्वीच्या शिंपल्यावर (प्र. ७) किती छातीठोकपणे बोलावं?

१५. पुरावा सापडत नाही म्हणजे त्यांच्याकडे प्रतीकं नव्हतीच, असं का मानायचं?

मानू नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या महाल भागात काळी-पिवळी मारबत (मोठे पुतळे) निघते. अख्खं नागपूर रस्त्यावर, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत. बांबू, कागद, कापड. संध्याकाळी जाळली की राख. शहरातलं सगळ्यात मोठं प्रतीक दर वर्षी जमिनीत काहीही न ठेवता संपतं. गाणं, नाच, अंगावरचं गोंदण, पिसं, फुलं यांचंही तेच. म्हणून पुराव्यात मणी आणि दगड जास्त दिसतात, ते टिकतात म्हणून.

पण याचा उलटा फायदाही घेऊ नका. ‘सगळं जळून गेलं असेल’ या वाक्यावर काहीही सिद्ध करता येतं.

१६. पेंचला वानराने कॉल दिला की गाईड म्हणतो वाघ आहे. मग ती भाषाच झाली ना?

चांगला प्रश्न. याचा नमुनेदार अभ्यास केनियातल्या अंबोसेलीच्या व्हर्वेट माकडांवर झाला, १९८० मध्ये. बिबट्या, गरुड आणि साप यांसाठी त्यांचे तीन वेगळे आवाज. नुसता आवाज स्पीकरवर वाजवला तरी बिबट्याच्या कॉलला माकडं झाडावर पळत, गरुडाच्या कॉलला वर बघत आणि सापाच्या कॉलला मागच्या पायांवर उभी राहून गवतात बघत. पिल्लं चुकतात, गळणाऱ्या पानालाही गरुडाचा कॉल देतात. मोठी होता होता सुधारतात.

इथपर्यंत शब्दासारखं आहे. पुढे अडतं. कुठलंही माकड निवांत बसून ‘काल आलेल्या बिबट्या’बद्दल बोलत नाही. कॉल त्या क्षणाला बांधलेला. आपण मात्र टेकडीवर चहा पिताना वाघाबद्दल तासभर बोलतो, आणि वाघ मैलभरातही नसतो.

फसवणूक होते, बरं का. कलाहारीतला कोतवाल पक्षी दुसऱ्यांचे धोक्याचे आवाज हुबेहूब काढतो आणि ते पळाले की त्यांचं खाणं उचलतो. हुशारी आहेच, पण ठरलेला अर्थ इथेही नाही.

१७. मधमाश्या नाचून पत्ता सांगतात. तो फुलांचा ताटवा तर तिथे समोर नसतो!

बरोबर, आणि म्हणूनच प्र. १६ मधली माझी ओळ इथे लंगडी पडते. कार्ल फॉन फ्रिश यांनी हा नाच उलगडला, १९७३ मध्ये नोबेल मिळालं. दिशा सूर्याच्या संदर्भाने, अंतर नाचाच्या लांबीवरून. पाण्याच्या टाकीला लटकलेल्या आग्या मोहोळावरही हाच नाच चालतो (दुर्बिणीतून पाहा, जवळ जाऊ नका). २०२३ मध्ये दिसलं की अनुभवी माश्यांचा नाच न पाहता वाढलेल्या माश्या जास्त चुका करतात, म्हणजे थोडं शिकणंही आहे.

तरी सांकेतिक पद्धत मुळात जन्माने मिळालेली. ‘आजपासून उलटं नाचू’ असं पोळं ठरवू शकत नाही.

१८. चिंपांझींमध्ये प्रतीक म्हणता येईल असं काहीच नाही का?

सगळ्यात जवळ जातं ते पान कुरतडणं. चिंपांझी दातांनी पान टराटरा फाडतात, खात नाहीत, नुसता आवाज करतात. टांझानियातल्या महाले इथे नर मादीचं लक्ष वेधायला हे करतात. गिनीतल्या बोसूला तेच खेळायला बोलावताना. आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलात झाडाच्या मुळांवर ढोल बडवण्याआधी. कृती तीच, जंगल बदललं की वापर बदलला. इथे मला मान्य करावं लागतं की ठरलेपणाचा वास येतो.

युगांडातल्या कन्यावारा टोळीत लहान माद्या काठ्या कडेवर घेऊन फिरतात, झोपायच्या जागीही नेतात. आई झाल्या की सोडतात. बाहुलीच म्हणा. पण तान्ह्या पोळ्याचा बैल आणि ही काठी यांत एक फरक राहतो: त्या काठीला ओवाळायला शेजारची आजी येत नाही.

आणि एक प्रयोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. चिंपांझीसमोर खाऊच्या दोन ताटल्या, एकीत जास्त, एकीत कमी. ज्या ताटलीकडे बोट करील ती दुसऱ्या चिंपांझीला मिळणार. म्हणजे कमीकडे बोट केलं तर जास्त आपल्याला. पुन्हा पुन्हा करूनही ते बिचारे बहुतेक वेळा मोठ्या ढिगाकडेच बोट करत. मग खाऊच्या जागी त्यांना आधी शिकवलेले आकडे लिहिलेली कार्डं ठेवली, आणि तेच चिंपांझी लहान आकडा दाखवू लागले. खाऊ डोळ्यांसमोरून गेला की डोकं चाललं! संत्रा बर्फीचा डबा समोर उघडा असताना माझंही फारसं वेगळं होत नाही.

१९. मग शिकवलं तर शिकतात! वॉशो, कांझी, तो पोपट?

शिकतात, आणि लोक कमी-जास्त सांगतात. वॉशो ही चिंपांझी हाताच्या खुणांची भाषा बरीच शिकली. निम या दुसऱ्या चिंपांझीवर काम करणाऱ्या हर्बर्ट टेरेस यांनीच १९७९ मध्ये लिहिलं की त्याच्या खुणा बहुतेक शिक्षकाच्या नकलेतून येत होत्या, वाक्यरचना नव्हती. कांझी हा बोनोबो मात्र आईच्या शिकवण्या चालू असताना बाजूला खेळता खेळता चित्रफलक शिकला, आणि बोललेल्या नव्या सूचनाही पाळायचा. ॲलेक्स हा आफ्रिकन करडा पोपट रंग, आकार, ‘किती’ सांगायचा.

यातून क्षमता दिसते. रानात ती स्वतःहून का उमलली नाही, हा खरा पेच, आणि त्याचं उत्तर बहुधा मेंदूपेक्षा सोबतीत आहे. हजार वस्तूंची नावं ओळखणाऱ्या चेसर या कुत्रीबद्दलही हेच म्हणता येईल. ‘फिरायला’ म्हटलं की पट्टा आणणारा तुमचा टॉमी हुशार आहे, त्याला उगाच परीक्षेला बसवू नका.

२०. सुगरणीचा खोपा, तो निळ्या वस्तू जमवणारा पक्षी, ही कला नाही?

सुंदर आहे. ऑस्ट्रेलियातला सॅटिन बॉवरबर्ड निळी पिसं, झाकणं, काड्या मांडतो. जपानजवळ एक पफर मासा वाळूत पंखांनी दोन मीटर व्यासाचं वर्तुळ कोरतो, आठवडाभर खपून. दोघांचाही प्रेक्षक मादी, दोघांचाही मजकूर ‘मला निवड’. तो बदलता येत नाही. बदलता न येणारा मजकूर मी प्रतीकात धरत नाही. तुम्ही कलेत धरलात तर भांडणार नाही.

२१. हत्ती आणि कावळे तर शोक करतात. तो विधी नाही?

अंबोसेलीत हत्तींसमोर हत्ती, म्हैस आणि गेंडा यांच्या कवट्या ठेवल्या, तेव्हा ते हत्तीच्या कवटीपाशी आणि हस्तिदंतापाशी जास्त रेंगाळले. उत्तर बंगालच्या चहामळ्यांत मेलेल्या पिल्लांना हत्तींनी पाय वर राहतील असं मातीत पुरल्याच्या पाच घटना २०२४ मध्ये नोंदल्या गेल्या. त्यातला जिव्हाळा मी नाकारत नाही. ‘विधी’ म्हणायला मात्र हत्ती पुष्कळ हवेत आणि वर्षंही.

कावळे मेलेल्या कावळ्याभोवती जमतात ते मुख्यतः धोका कुठे आहे हे शिकायला. अमेरिकेत मुखवटा घालून मेलेला कावळा हातात धरणाऱ्या माणसाचा तो मुखवटा त्यांनी पुढे आठवड्यानंतरही ओळखला आणि कलकलाट केला. पितृपक्षात पिंडाला शिवतो त्या कावळ्याच्या पोटात भूक असते, प्रतीक सगळं आपल्या बाजूचं.

२२. आमच्या शेतात रेघा असलेला दगड सापडला. पाठवू का फोटो?

पाठवा, पण आधी हे करा. दगड धुऊ नका, घासू नका. शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून, सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा. कुठे, किती खोल, बाजूला काय होतं, ते लिहून ठेवा. आणखी खणू नका. खरंच काही वाटलं तर नागपूर विद्यापीठाचा पुरातत्त्व विभाग किंवा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं इथलं मंडळ कार्यालय, दोन्ही आहेत.

माझ्याकडे आलेल्या दहापैकी आठ रेघा नांगराच्या किंवा कल्टिव्हेटरच्या निघाल्या. ओळखायची रीत सोपी आहे: रेघेचा आतला रंग बाहेरच्या पृष्ठभागापेक्षा ताजा असेल तर ती तुमच्याच ट्रॅक्टरची.

आणि हसू नका, मीही फसलोय. जुनापाणीला एका दगडावरचा एक गोल खळगा मी दोन हिवाळे मोठ्या ऐटीत दाखवला. तिसऱ्या वर्षी भूगर्भशास्त्राच्या एक निवृत्त बाई आमच्यासोबत होत्या. त्यांनी खिशातून भिंग काढलं, वाकून पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, “हा लाव्हातला बुडबुडा आहे. तुमचे ते पलीकडच्या रांगेत आहेत.”